उंबरातले किडे : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५

जागा : नीरा नदीचा काठ, भोर तालुका. एकाच काठावरचे तीन उंबर. नोंदीत उ-१, उ-२ आणि उ-३.

काम : उ-२ च्या एका बहरात कोणते फिग वास्प कोणत्या क्रमाने येतात, फळात काय करतात आणि शेवटी कोण बाहेर पडतं, ते पाहणं. फिग वास्प म्हणजे गांधीलमाशीच्या गणातले, जेमतेम दोन मिलिमीटरचे कीटक. उंबरात परागीभवन करणारी जात एकच, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. तिच्याशिवाय दक्षिण भारतातल्या उंबरांवर परागीभवन न करणाऱ्या सहा जाती अभ्यासल्या गेल्या आहेत : चार सायकोफॅगा या प्रजातीतल्या (genus), दोन अपोक्रिप्टा प्रजातीतल्या. जुन्या लेखनात याच सायकोफॅगा अपोक्रिप्टोफॅगस किंवा प्लॅटिन्यूरा या नावांनी सापडतात. शोधताना तिन्ही नावं टाकावीत, नाहीतर अर्धं साहित्य हाती लागत नाही.

९ फेब्रुवारी

उ-२ च्या खोडावर नवा बहर धरला आहे. घोस जमिनीपासून हाताच्या उंचीपर्यंत असल्यामुळे शिडी लागणार नाही. उ-१ वर फक्त कोवळी पानं, उ-३ वर मागच्या बहराची पिकलेली फळं. एका झाडावरची फळं साधारण एकाच वेळी वाढतात, शेजारच्या झाडाचं वेळापत्रक मात्र वेगळं असतं. वास्पच्या दृष्टीने हे आवश्यक आहे. एका झाडावर मादी बाहेर पडेल तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी झाडावर तिला आत घेणारी फळं तयार असायला हवीत.

आपण ज्याला फळ म्हणतो तो उंबराचा फुलोरा. पोकळ गोळा, आतल्या भिंतीवर शेकडो फुलं आणि टोकाला खवल्यांनी बंद केलेलं एक छिद्र. अवस्था पाच. ही विभागणी गॅलिल आणि आयसिकोविच या संशोधकांनी १९६८ साली आफ्रिकेतल्या सायकोमोर अंजिरावर मांडली, आणि उंबर त्याचाच जवळचा भाऊबंद असल्याने जशीच्या तशी लागू पडते. आपल्या वहीत : अ (फुलं कोवळी, छिद्र बंद), ब (मादी फुलं तयार, छिद्र किंचित सैल), क (आत गाठी आणि बिया वाढतात), ड (पुंकेसर तयार, वास्प बाहेर पडतात), इ (फळ पिकतं).

आजची फळं अ अवस्थेत. बाहेरून पाहून अवस्था ठरवू नये. प्रत्येक घोसातलं एक फळ उभं चिरून बघायचं आणि मगच त्या घोसाची नोंद करायची. चिरल्यावर चीक येतो, तो भिंगाच्या काचेवर आणि सुईवर बसतो. चिरलेला भाग कागदी रुमालावर पालथा ठेवावा, चीक थांबला की पाण्याने टिपावा, मग भिंगाखाली घ्यावा. सुईवरचा वाळलेला चीक खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो.

घोसांना रंगीत लोकरीचे धागे बांधले. धागा फांदीला बांधायचा, फळाच्या देठाला नाही. देठाला बांधलेला धागा वाढत्या फळाला काचतो आणि फळ गळून पडतं.

१४ फेब्रुवारी

अ अवस्थेतल्या फळांवर पहिले पाहुणे आले. परागवाहक अजून आलेला नाही, पण सायकोफॅगाच्या माद्या बाहेरूनच फळाच्या भिंतीत अंडनळी खुपसताना दिसल्या. सायकोफॅगातल्या या लवकर येणाऱ्या जाती गाठ करणाऱ्या. आतल्या कोवळ्या फुलात अंडं घालतात आणि त्या फुलाची गाठ होते.

यापुढे पूर्ण बहरभर पाळायचा नियम : फळावर बसलेली मादी पकडली तर तिच्यासोबत फळाची अवस्था आणि व्यास लिहायचाच. चारही सायकोफॅगा माद्या दिसायला जवळच्या, पण येण्याची वेळ वेगवेगळी. नमुन्यासोबत वेळ नसेल तर अर्धी ओळख हातची जाते आणि ती पुढे कुठल्याही सूक्ष्मदर्शकाखाली परत मिळत नाही.

पकडण्याची रीत. अंडनळी आत असताना मादीला चिमट्याने ओढलं तर नळी तुटून फळातच राहते, आणि नेमकी तीच ओळखीला हवी असते. नळी बाहेर निघेपर्यंत थांबावं, मग अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या शून्य नंबरच्या ब्रशच्या टोकाने तिला टिपावं. थांबायला वेळ नसेल तर फळाचा तेवढा पापुद्रा ब्लेडने कापून मादीसकट बाटलीत टाकावा. जिवंत हव्या असतील तर तोंडाने ओढायची नळी वापरायची : ३० मिलीची औषधाची बाटली, बुचाला दोन भोकं, दोन सिलिकॉनच्या नळ्या, आणि ओढायच्या नळीच्या आतल्या टोकाला दुहेरी मलमल. मच्छरदाणीचं कापड इथे चालत नाही, वास्प त्यातून थेट घशात जातो.

१७ फेब्रुवारी

पिशव्या बांधण्याचा दिवस, कारण ब अवस्था जवळ आली. घोसांचे तीन गट केले :

गट १ : आत्ताच पिशवी, शेवटपर्यंत. परागवाहक आत जाणार नाही, त्यामुळे बहुतेक फळं गळतील अशी अपेक्षा.
गट २ : ब अवस्था उघड्यावर, ती संपली की लगेच पिशवी. परागवाहक आणि लवकर येणाऱ्या गाठवाल्या आत, उशिरा येणाऱ्या परजीवी बाहेर.
गट ३ : ड अवस्थेपर्यंत उघडं, शेवटी पिशवी.

गट २ आणि ३ मधला फरक म्हणजे परजीवी जातींचा परागवाहकावर पडणारा भार. प्रकल्पाचा कणा हा आहे.

पिशवीचं कापड जितकं बारीक तितकी आत हवा कोंडते आणि बुरशी येते. पातळ मलमल ठीक. साध्या नायलॉनच्या जाळीतून वास्प दोन्ही दिशांनी जातात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पिशवी फळाला चिकटता कामा नये. या माद्यांची अंडनळी शरीरापेक्षा लांब असते. कापड फळाला टेकलं की बाहेर बसून कापडातूनच भोक पाडतात, आणि आपण बंद समजत असलेलं फळ प्रत्यक्षात उघडं असतं. त्यासाठी गॅल्व्हनाइज्ड तारेच्या दोन कड्या आडव्या-उभ्या अडकवून आधी पिंजरा केला आणि पिशवी त्यावर चढवली. कापड फळापासून किमान तीन सेंटिमीटर दूर. तोंड बांधताना फांदीभोवती कापसाची गुंडाळी घेतली, नुसत्या दोरीने फटी राहतात.

मुंग्या पिशवीला भोकं पाडतात. फांदीवर कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावली. थेट सालीवर लावू नये.

२३ फेब्रुवारी

ब अवस्था. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान परागवाहक माद्या फळांवर उतरू लागल्या.

भिंगातून एक फळ : छिद्राच्या खवल्यांमध्ये दोन पारदर्शक पंख अडकलेले, त्यातला एक अजून वाऱ्याने थरथरतो आहे. बाजूला मिशीचा तुटका तुकडा. तिसरी मादी डोकं खुपसून अर्धी आत गेलेली, मागचे पाय फळाच्या सालीवर रेटा देत आहेत. डोकं चपटं असल्यामुळे ते पाचरीसारखं खवल्यांत शिरतं. जबड्याला मागे जोडलेल्या पट्टीवर आडव्या दातांच्या रांगा आहेत, त्या तिला मागे घसरू देत नाहीत. पंख आणि मिशांची टोकं बाहेरच राहतात. ती परत उडणार नाही.

छिद्रात अडकलेले पंख ही ब अवस्थेची सर्वांत खात्रीची बाहेरची खूण. ते दिसले की त्या घोसासमोर वहीत 'ब' लिहावं आणि एक फळ चिरून खात्री करावी.

चिरलेल्या फळात माद्या जिवंत सापडल्या. सेराटोसोलेनच्या मादीच्या छातीच्या खालच्या बाजूला परागाचे दोन खिसे असतात आणि पुढच्या पायांच्या मुळाशी केसांचा कंगवा. मादी फुलाच्या कुक्षीवृंतातून (बीजाकडे जाणाऱ्या देठातून) अंडं घालता घालता ती खिशातून पराग काढून कुक्षीवर, म्हणजे त्या देठाच्या टोकावर, लावते. हे परागीभवन आपोआप होत नाही, ती ते करते. चाळीसपट मोठं केल्यावर खिसे रिकामे की भरलेले हे कळतं. पाहण्यापूर्वी मादीला पाण्याच्या थेंबात उताणी ठेवावी. अल्कोहोलमध्ये धुतली की पराग निघून जातो.

किती माद्या आत शिरल्या ते मोजणं आवश्यक, कारण पुढच्या पिढीतलं नर-मादीचं प्रमाण त्यावर ठरतं. एकच मादी आत असेल तर तिची मुलं आपसातच मीलन करतात, म्हणून तिला नर थोडे पुरतात. माद्या वाढल्या की नरांचा वाटा वाढतो. उत्क्रांतीचे अभ्यासक डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा तर्क फिग वास्पवर पुन्हा पुन्हा तपासला गेला आहे. मेलेल्या माद्या आतच राहतात, पण क अवस्थेत सुकून तुटतात, त्यामुळे मोजणी याच आठवड्यात उरकावी आणि धडं नव्हे, डोकी मोजावीत.

२४ फेब्रुवारी

खोडाभोवती चिकट पत्रे लावले, येणाऱ्यांचा अंदाज यावा म्हणून. बाजारचा कीटक-गोंद काढायला रॉकेल लागतं आणि नमुने खराब होतात. राळ आणि एरंडेल साधारण समान वजनाने, मंद आचेवर, उघड्या ज्योतीपासून दूर वितळवून पारदर्शक ओएचपी शीटवर पातळ थर दिला. दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळतात, त्यामुळे वास्प अखंड सुटून येतात. नुसतं एरंडेल दुपारच्या उन्हात ओघळतं. नुसत्या पत्र्यावरून मात्र जात उंबराचीच आहे असं म्हणता येत नाही. काठावर काळा उंबर आहे, आणि त्याचा परागवाहक सेराटोसोलेन सोल्म्सी याच प्रजातीतला आहे.

२८ फेब्रुवारी

गट २ ला पिशव्या घातल्या. छिद्रं घट्ट बंद, नवे पंख नाहीत. गट १ ची फळं पिवळट पडून गळू लागली आहेत.

१० मार्च

क अवस्था, सर्वांत लांब आणि बाहेरून सर्वांत निरस. खरी वर्दळ आत्ताच आहे. उघड्या फळांवर सायकोफॅगा आग्रेन्सिस आणि अपोक्रिप्टा. या गाठ करत नाहीत, दुसऱ्यांच्या गाठीतल्या अळीवर वाढतात.

अपोक्रिप्टा ओळखायला सोपी. काम सुरू करताना पोट उंच उचलते, पोटाचे खंड दुर्बिणीच्या नळ्यांसारखे एकातून एक बाहेर येतात आणि बारीक अंडनळीला आधार देतात, म्हणजे ती वाकत नाही. केसाहून बारीक नळी फळाच्या कडक भिंतीतून आत जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत यावर बारकाईने काम झालं आहे : परजीवी जातींच्या नळीच्या टोकाला करवतीसारखे दात गाठवाल्यांपेक्षा जास्त असतात आणि त्या टोकात जस्त असतं. आपल्याकडे दात पाहायला चारशेपट मोठं करणारा साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो, जस्त अर्थातच दिसणार नाही.

फळ जितकं मोठं तितकी भिंत जाड. म्हणून उशिरा येणाऱ्या जातींना लांब नळी लागते. व्हर्नियरने व्यास मोजून ठेवण्याचं कारण हेच.

खोडाच्या वरच्या भागात पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची वसाहत आहे. त्या अंडी घालण्यात गुंतलेल्या परजीवी माद्या उचलतात. नळी आत अडकलेली असल्यामुळे मादीला उडता येत नाही. मुंग्या असलेला घोस आणि नसलेला घोस यांची नोंद वेगळी ठेवावी, एकत्र केली तर गट ३ चे आकडे निरुपयोगी होतील.

२९ मार्च

ड अवस्था. फळं किंचित मऊ, रंग अजून हिरवाच. हीच वेळ चुकते. लाल होईपर्यंत वाट पाहिली तर सगळं संपलेलं असतं.

सकाळी चिरलेल्या फळात : पिवळसर, बिनपंखी, जवळजवळ आंधळे नर गाठींवरून फिरत आहेत. नर आधी बाहेर येतात, मादीच्या गाठीला भोक पाडून आत पोट घालतात आणि ती बाहेर येण्याआधीच मीलन करतात. मग एकत्र येऊन फळाच्या भिंतीतून बोगदा पाडतात. माद्या नंतर गाठीतून निघतात, परिपक्व परागकोशांतून पराग खिशात भरतात आणि त्याच बोगद्यातून जातात. बिगर-परागवाहक जातीही बहुतेक याच वाटेने बाहेर पडतात.

पिंपळाच्या फळात या वेळी कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांपर्यंत चढतं, माद्या सुस्त पडतात, नर मात्र काम करतात, आणि भोक पडून हवा आत आली की माद्या जाग्या होतात, हे १९७३ मध्ये गॅलिल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. चिरलेल्या उंबरातही नर लगबगीत आणि माद्या थंड दिसल्या, पण त्यावरून उंबराबद्दल काही म्हणायचं तर आतली हवा मोजायला हवी.

३० मार्च

फळं वाढवायला घरी आणली. फार लवकर तोडली तर नर बोगदा पाडत नाहीत, गाठी सुकतात आणि माद्या आतच मरतात. म्हणून घोसातल्या एका फळाला बोगद्याचं भोक दिसलं की त्याच दिवशी उरलेली तोडायची. एका डब्यात एकच फळ. झाकणाच्या जागी मलमल, तळाला घडी केलेला कागदी रुमाल. फळाला घाम फुटतो आणि थेंबाला चिकटलेला वास्प सुटत नाही, म्हणून रुमाल सकाळ-संध्याकाळ बदलावा. डबा खिडकीपाशी ठेवला तर माद्या उजेडाच्या बाजूला जमतात आणि गोळा करणं सोपं जातं. परागवाहक माद्या एक-दोन दिवसच जगतात, परजीवी जास्त. चोवीस तासांनी पहिली वेचणी, ७२ तासांनी शेवटची, मग फळ चिरून आत राहिलेले मोजायचे.

जपणूक : ओळखीसाठी ७० टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी ९५ टक्के आणि फ्रीज. इथेनॉल परवान्याशिवाय मिळत नाही. केवळ बाह्यरचनेसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल चालतं, नमुने थोडे कडक होतात इतकंच. रंग मिसळलेलं स्पिरिट नको. पहिल्या दिवसानंतर अल्कोहोल बदलावं, फळाच्या पाण्याने ते पातळ होतं. चिठ्ठी जाड कागदावर, पेन्सिलने, बाटलीच्या आत; बाहेरची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने जाते. चिठ्ठीवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, झाड, घोस, गट, अवस्था, रीत.

३ एप्रिल

वर्गवारी. पांढऱ्या बशीत, वीसपट भिंगाखाली, या क्रमाने :

आधी पंखवाले आणि बिनपंखी वेगळे. बिनपंखी म्हणजे नर, ते शेवटी हाताळावेत. माद्यांत, बाहेर लोंबणारी लांब अंडनळी नाही, डोकं चपटं, जबड्याला दातेरी पट्टी : सेराटोसोलेन. लांब नळी असेल तर पोट पाहावं, खंड घड्यांसारखे एकात एक सरकलेले असतील तर अपोक्रिप्टा, नाहीतर सायकोफॅगा. सायकोफॅगाच्या आत जातीपर्यंत जायला नळीची लांबी शरीराच्या तुलनेत मोजावी आणि फळावर पकडलेल्या, वेळ नोंदवलेल्या माद्यांशी जुळवावं. फळातून निघालेली मादी एकटी हातात असेल तर प्रजातीवर थांबावं, जातीचं नाव लिहू नये.

चिरलेल्या फळातल्या गाठी संपूर्ण मोजाव्यात, पाव भाग मोजून चौपट करू नये. गाठी भिंतीवर सारख्या पसरलेल्या नसतात : परागवाहकाच्या गाठी पोकळीकडे अधिक, बिया भिंतीकडे अधिक, आणि बाहेरून येणाऱ्या नळीचा मार भिंतीजवळच्या गाठींवर अधिक. काही सायकोफॅगाच्या गाठी ठळक मोठ्या आणि पोकळीत पुढे आलेल्या दिसतात. भोक पडलेल्या, न पडलेल्या, पोकळ आणि बिया असे चार रकाने.

गट ३ मधल्या फळांत परागवाहक माद्या गट २ पेक्षा स्पष्ट कमी, अपोक्रिप्टा फक्त गट ३ मध्ये. गट २ च्या एका घोसात मात्र आग्रेन्सिस निघाली. त्या पिंजऱ्याची कडी सरकून कापड फळाला टेकलेलं आढळलं. तो घोस हिशेबातून वगळला.

७ एप्रिल

स्लाइड. डोकं आणि छाती वेगळी करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, खोलीच्या तापमानाला, आतलं मांस विरघळेपर्यंत. उकळू नये, दातेरी पट्टी सुटी होते. मग पाणी, चढत्या क्रमाने अल्कोहोल, लवंगाचं तेल, आणि शेवटी कॅनडा बाल्सम (नमुना काचेखाली कायमचा बसवणारा पारदर्शक डिंक). काचेखाली धुकट पांढरा डाग आला तर पाणी राहिलं आहे, नमुना परत शुद्ध अल्कोहोलमध्ये. अल्कोहोलमधला वास्प नुसता हवेत वाळवला तर आक्रसतो, म्हणून टाचणीवर लावायचे थोडेच आणि बाकीचे बाटलीतच.

ताज्या परागवाहक माद्यांपैकी काहींना सलाइनच्या थेंबात फोडल्यावर सूत्रकृमी (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) वळवळताना दिसले. हे एका फळातून दुसऱ्या फळात मादीच्या शरीरातून प्रवास करतात. त्यांच्या ओळखीसाठी वेगळी बाटली ठेवली.

१३ एप्रिल

इ अवस्था. फळं लाल, खाली सडा. या वेळी उंबर फोडून 'किडे' दाखवले जातात, पण त्यात फिग वास्पच्या पंखवाल्या माद्या जवळजवळ नसतात. त्या आधीच गेलेल्या. आत सापडले : मेलेले नर, न फुटलेल्या गाठी, बोगद्यातून आणि छिद्रातून शिरलेल्या फळमाश्यांच्या अळ्या, रस पिणारे छोटे भुंगेरे. पिकलेल्या फळाची यादी वेगळ्या तक्त्यात ठेवावी, वास्पच्या तक्त्यात मिसळू नये.

उ-१ वर अ अवस्थेची फळं, मटाराएवढी. उ-२ च्या माद्यांना ती उपयोगाची नव्हती, त्यांना दूर कुठेतरी जावं लागलं असणार. उंबराच्या जवळच्या सायकोमोरचा परागवाहक नामिबियात १६० किलोमीटरपर्यंत पराग नेतो हे २००९ मध्ये जनुकीय तपासणीने दाखवलं गेलं आहे, त्यामुळे तीन झाडांचा आपला काठ त्यांच्यासाठी फारच छोटा. पुढच्या बहरासाठी नदीच्या वरच्या अंगाचे उंबर नकाशावर घ्यायचे, आणि उ-१ च्या फळांवर उद्यापासूनच व्यास-नोंदी सुरू : सायकोफॅगा परागवाहकाची वाट पाहत नाही.